खर्जाचा सांधा

डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांतील गांवांना नोव्हेंबर २०१८ पासून एका अनपेक्षित नादाची ओळख झाली. धुंदलवाडी आणि तिच्या परिसरांत जमिनीला लहान-लहान हादरे बसूं लागले, आणि पुष्कळ वेळां त्या हादऱ्यांबरोबर भूगर्भांतून सुरुंग उडाल्यासारखा घुमणारा आवाज ऐकूं येऊं लागला. १ फेब्रुवारी २०१९ रोजीं यांपैकीं एका धक्क्याची तीव्रता ४.१ पर्यंत पोंचली. थंडीचे दिवस असतांहि माणसें मुलाबाळांना घेऊन घराबाहेर तंबूंत निजूं लागलीं. भूकंपमापक यंत्रें आलीं, शास्त्रज्ञ आले, नोंदी झाल्या. परंतु घुमणारा तो आवाज नेमका कोणत्या दिशेनें आला, हें बोट दाखवून सांगणें कठीण. अशा आवाजाचा स्वभावच असा कीं, तो कानाइतकाच भिंतींना, भांड्यांना आणि छातीला कळतो, व तो सर्व बाजूंनीं एकदम आल्यासारखा वाटतो.

याच भूमीवर पिढ्यान् पिढ्या एक दुसरा नाद घुमत आला आहे, आणि त्याचा स्वभाव अगदीं उलट आहे. वारली लोकांचा तारपा हें तें वाद्य. वाळविलेल्या भोपळ्याचें पोट, त्यांत मेणानें बसविलेल्या बांबूच्या दोन नळ्या, नळ्यांत थरथरणाऱ्या जिभल्या, आणि शेवटीं ताडाचीं पानें गुंडाळून केलेला कर्णा, एवढीच त्याची सामग्री. वाजविणारा नाकानें श्वास घेत असतांना गालांत सांठविलेली हवा वाद्यांत सोडीत राहतो. त्यामुळें स्वर खंडत नाहीं. भाताचें पीक हातीं येण्याच्या दिवसांत रात्रीं तारपा सुरू झाला कीं स्त्रीपुरुष हातांत हात गुंफून त्याच्याभोंवतीं फेर धरतात. तारप्याकडे कोणी पाठ फिरवीत नाहीं. स्वर बदलला कीं फेर वळतो. डहाणू तालुक्यांतील गंजाड गांवच्या कळंबीपाड्यावर राहून वारली चित्रकला जगाच्या दृष्टीस आणणारे जिव्या सोमा मशे यांना २०११ सालीं पद्मश्री मिळाली व २०१८ सालीं त्यांचें निधन झालें. त्यांच्या चित्रांत हा फेर शंखाच्या वेढ्यासारखा दिसतो, आणि वेढ्याच्या पोटांत तारपा वाजविणारा उभा असतो. येथें स्वराला ठाव आहे, आणि नाचणाऱ्यांचे पाय त्या ठावाकडे पाहून पडतात.

एक नाद दिशा दाखवितो. दुसरा दिशा लपवितो. शहरांतील सुशिक्षित घरांत आज जें संगीतयंत्र असतें, त्याची सारी रचना कानाच्या या दुहेरी वृत्तीवर उभारलेली आहे. पुस्तकांच्या फळीवर मावतील असे दोन लहान स्पीकर गायकाचा व वादकांचा ठाव दाखवितात. आणि खोलीच्या एका कोपऱ्यांत, कोणाच्या लक्षांत येणार नाहीं अशी एक जड पेटी केवळ खर्ज पुरविते. तिला सबवूफर म्हणतात. या पेटीची आणि त्या दोन लहान भावंडांची जोड जमली, तर ऐकणाराला एकच वाद्यवृंद ऐकूं येतो. न जमली, तर गाणें एकीकडे आणि घुमणें दुसरीकडे अशी फारकत होते. ही जोड साधण्यास शंभर वर्षांचे प्रयत्न लागले. त्या प्रयत्नांचा इतिहास पाहिला म्हणजे एक गोष्ट पुनःपुन्हा दिसून येते: खर्ज निर्माण करणें हें अर्धेंच काम होतें, खरी कसोटी खर्ज वरच्या स्वरांना कोठें आणि कसा सांधावयाचा, येथें लागली.

हा सांधा केवढा नाजूक असतो हें पाहावयाचें असेल तर तंबोऱ्याची एक तार छेडावी. मिरजेंत शस्त्रांना पाणी देणाऱ्या शिकलगार घराण्यांनीं एकोणिसाव्या शतकांत वाद्यें घडविण्याची विद्या हस्तगत केली, आणि २०२४ सालीं मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालें. या तंबोऱ्यालाहि भोपळाच लागतो. परंतु तारप्यांत भोपळा श्वास सांठवितो, आणि तंबोऱ्यांत तो नादाला अंग देतो. काळी एकच्या पट्टींत गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज सेकंदास सुमारे १३९ कंपनांचा असतो, आणि त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यानें, म्हणजे सुमारे ६९ कंपनांनीं बोलते. पण ती केवळ ६९ कंपनांनीं बोलत नाहीं. तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा स्वयंभू स्वरांची एक मालिकाच तिच्यांतून उमटते, आणि जवारीमुळें त्यांतील वरचे स्वर चमकूं लागतात. आतां ज्या घरांत ८० कंपनांच्या खालचें सर्व कांहीं सबवूफरकडे आणि वरचें सर्व कांहीं लहान स्पीकरांकडे सोंपविलेलें आहे, तेथें या एकाच तारेचे दोन तुकडे होतात. मूळ स्वर कोपऱ्यांतील पेटींतून निघतो, तिचे स्वयंभू स्वर फळीवरून येतात. तबल्याच्या डग्ग्याचेंहि तसेंच. तळहाताच्या दाबानें त्याचा घुमारा वरखालीं घसरतो तेव्हां तो याच सीमारेषेच्या आसपास वावरत असतो. सांधा निसटला असेल, तर एकच घसीट अर्ध्या वाटेवर घर बदलते.

पहिल्या पिढीच्या ग्रामोफोनला ही चिंता नव्हती, कारण त्याला खर्जच नव्हता. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान यांचें गाणें मुद्रित झालें, तेव्हां कर्ण्यांत शिरलेल्या आवाजाच्याच बळावर सुई मेणाच्या तबकडींत रेघ कोरीत असे. अशा मुद्रणांत सेकंदास सुमारे १७० कंपनांच्या खालचें व २००० च्या फार वरचें कांहीं उतरत नव्हतें. तरीहि लोकांनीं तें गाणें मनापासून ऐकलें. त्याचें कारण कानाच्या एका विलक्षण गुणांत आहे. मूळ स्वर गळाला तरी त्याचे स्वयंभू स्वर शिल्लक असले म्हणजे मन त्यांवरून मूळ स्वराची पट्टी ओळखतें. १९४० च्या सुमारास डच शास्त्रज्ञ स्कौटेन यांनीं या गुणाची बारकाईनें मीमांसा केली. पायाच्या खुणांवरून माणूस ओळखावा, तसा हा प्रकार आहे. परंतु खुणा म्हणजे माणूस नव्हे. त्या गाण्याला पट्टी होती, भार नव्हता.

१९२५ सालीं विजेच्या साहाय्यानें मुद्रण होऊं लागलें, आणि त्याच वर्षीं अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनीं चुंबकाच्या फटींत हलणाऱ्या वेटोळ्यानें कागदाचा शंकू ढकलणारा स्पीकर सिद्ध केला. आजचा बहुतेक प्रत्येक स्पीकर त्याचाच वंशज आहे. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईचें नभोवाणी केंद्र सुरू झालें, आणि पुढें रेडिओ घरोघर आले, ते याच जातीच्या स्पीकरांनिशीं. परंतु शंकू पुढें सरकला कीं पुढची हवा दाबली जाते व मागची विरळ होते. खालच्या स्वरांच्या लांब लाटा कडेवरून वळून एकमेकींना खाऊन टाकतात. म्हणून शंकूची पाठ झांकणारी पेटी हवी. १९३२ सालीं बेल प्रयोगशाळेचे आल्बर्ट थुरास यांना अशा पेटीचें पेटंट मिळालें, जिच्या भोंकांतून मागची लाट उलट फिरवून पुढच्या लाटेच्या मदतीस आणली जाते. घागरीच्या तोंडावर फुंकर घातली असतां जो घुमारा निघतो, त्याच तत्त्वाचा हा उपयोग. पण घुमारा खालचा हवा असेल तर घागर मोठी हवी, हाहि त्याच तत्त्वाचा दुसरा भाग आहे.

खर्जाला मोठें शरीर लागतें याचें कारण गणिती आहे. एकच शंकू तेवढ्याच जोरानें एक सप्तक खालीं ऐकवावयाचा असेल, तर त्याला चौपट अंतर पुढें-मागें जावें लागतें. जो शंकू ८० कंपनांस एक मिलिमीटर हलून काम भागवितो, त्याला ४० कंपनांस चार मिलिमीटर हलावें लागेल. पांच इंची शंकूला हा व्यायाम झेपत नाहीं. तो धांपा टाकूं लागतो, आणि त्या धांपा गायकाच्या आवाजांत मिसळतात. उलटपक्षीं, मोठा जड शंकू वरच्या स्वरांच्या चपळ कंपनांना पुरा पडत नाहीं. म्हणून श्रमविभाग अटळ झाला. जाड आवाजाच्या स्पीकरला कुत्र्याच्या भुंकण्यावरून वूफर आणि बारीक आवाजाच्या स्पीकरला पांखरांच्या चिवचिवाटावरून ट्वीटर म्हणण्याचा विनोदी प्रघात पडला व तोच रूढ झाला. सबवूफर म्हणजे वूफरच्याहि खालचा.

श्रमविभाग केला कीं सांध्याचा प्रश्न उभा राहतो, आणि तो पहिल्यानें ठळकपणें उभा राहिला चित्रपटगृहांत. १९३० नंतरच्या दशकांत हॉलिवुडमध्यें पडद्यामागें खालच्या व वरच्या स्वरांसाठीं वेगवेगळे कर्णे बसवीत. खालच्या स्वरांचा कर्णा लांब असल्यानें तो जागा वाचविण्यासाठीं दुमडलेला असे. एम. जी. एम. चित्रसंस्थेंत एका टॅप-नृत्याची फीत दाखवितांना एक चमत्कार दिसून आला. नर्तिकेच्या बुटाचा ठोका एक, पण ऐकूं येत ते दोन. जॉन हिलिअर्ड आणि त्यांचे सहकारी शोध घेऊं लागले, तेव्हां दोन कर्ण्यांतून जाणाऱ्या वाटांत सुमारे आठ फुटांचा फरक असल्याचें आढळून आलें. ध्वनीला आठ फूट जाण्यास सेकंदाचा सुमारे एकशेंचाळिसावा भाग लागतो. तेवढ्या उशिरानें ठोक्याचें अंग त्याच्या धारेमागून येत होतें. डग्लस शिअरर यांच्या देखरेखीखालीं हिलिअर्ड यांनीं मग जी नवी योजना आंखली, तिच्यांत दोन्ही वाटा जवळजवळ सारख्या लांबीच्या केल्या. या योजनेला १९३६ सालच्या कामगिरीबद्दल अकॅडमीचा शास्त्रीय पुरस्कार मिळाला. दोन आवाज सारखे मोठे असून भागत नाहीं, ते एकाच क्षणीं पोंचले पाहिजेत, हा धडा त्या नर्तिकेच्या बुटांनीं दिला.

घरांत मात्र अडचण जागेची होती. १९५४ सालीं एडगर व्हिलचर यांनीं हेन्री क्लॉस यांच्या साह्यानें अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढून एक नवा स्पीकर पुढें आणला. शंकूला ताठ झोळीनें आवरून धरण्याऐवजीं त्यांनीं झोळी सैल ठेविली आणि पेटी हवाबंद करून आंत कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगचें काम दिलें. कपाटाएवढ्या पेटीचा खर्ज आतां फळीवर ठेवण्याजोग्या पेटींतून निघूं लागला. पण निसर्ग कांहीं फुकट देत नाहीं. के. एल. एच. कंपनीचे एक संस्थापक अँटन हॉफमन यांच्या नांवानें जो नियम प्रसिद्ध आहे, त्याचा मथितार्थ असा: लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या विजेंत मोठा आवाज या तीन मागण्यांपैकीं कोणत्याहि दोन पुरवून घेतां येतात, तिसरी सोडावी लागते. व्हिलचर यांनीं तिसरी सोडली व जास्त विजेची किंमत मोजली.

१९५८ च्या सुमारास द्विमार्गी, म्हणजे स्टीरिओ, तबकड्या बाजारांत आल्या आणि एकाऐवजीं दोन स्पीकर घरांत घेण्याची वेळ आली. दोन मोठीं खोकीं दिवाणखान्यांत मांडण्यास जागा कोठली? येथें कानाची ती दुसरी वृत्ति, दिशा न ओळखण्याची, मदतीस धांवली. इंग्रज शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनीं १९०७ सालीं दाखवून दिलें होतें कीं, वरच्या स्वरांची दिशा दोन कानांपर्यंत पोंचणाऱ्या जोरांतील फरकावरून कळते, कारण डोकें त्या लाटांच्या आड येतें. खालच्या स्वरांस डोकें अडवूं शकत नाहीं, आणि त्यांची दिशा केवळ लाटेच्या चढउतारांतील सूक्ष्म फरकावरून ओळखावी लागते. ८० कंपनांची लाट सुमारे सव्वाचार मीटर लांब असते. माणसाच्या दोन कानांत अंतर तें वीतभर. चार भिंतींच्या आंत, जेथें लाटा परतून एकमेकींत मिसळतात, तेथें हा फरक कानाच्या हातीं लागत नाहीं. मग दोन्ही मार्गांचा खर्ज एकत्र करून एकाच पेटीला दिला तर काय बिघडलें? सप्टेंबर १९६४ मध्यें कॅलिफोर्नियांतील रेमन डोन्स यांना स्टीरिओच्या खर्जाला पूरक अशा स्वतंत्र पेटीचें पेटंट मिळालें, तें याच विचाराचें फळ होतें.

लोकांच्या तोंडीं हा खर्ज झाला तो मात्र भूकंपामुळें. १९७४ सालीं युनिव्हर्सल संस्थेचा ‘अर्थक्वेक’ हा चित्रपट निघाला. त्यासाठीं चित्रपटगृहांत प्रचंड सबवूफर बसवून अतिशय खालच्या स्वरांचा गडगडाट सोडण्यांत येई, आणि प्रेक्षकांच्या खुर्च्या थरथरत. हॉलिवुडच्या ग्रॉमन्स चायनीज थिएटरांत छताचा गिलावा अंगावर पडूं नये म्हणून वर जाळें बांधावें लागलें. जी भीति तिकीट काढून विकत घेतली जात होती, तीच चव्वेचाळीस वर्षांनीं धुंदलवाडीच्या लोकांवर बिनतिकिटाची येऊन कोसळली. करमणुकीच्या या इतिहासानें खर्जाची एक चुकीची ओळखहि रूढ केली. खर्ज म्हणजे दणका, असा समज झाला. ज्या घरीं सबवूफर येतो, तेथें पुष्कळदां तो आल्याचें प्रत्येक पाहुण्याला कळावें अशीच त्याची मांडणी होते, व वरातींत तर तो खिडक्यांच्या कांचा मोजीत जातो.

दणक्याकडून मेळाकडे नेणारें काम १९७६ सालीं झालें. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनींतील झीगफ्रीड लिंकविट्झ आणि रस राय्ली या दोन अभियंत्यांनीं सांध्याचा विचार नव्यानें केला. तोंवरच्या कित्येक योजनांत सीमास्वरावर दोन्ही स्पीकरांचे आवाज जोरानें जुळत, पण त्यांच्या लाटा एकदम उठत नसत. एकीचा चढ तो दुसरीचा मध्य, असा प्रकार होई. या दोघांनीं अशी चाळणी सुचविली कीं, सीमेवर प्रत्येक स्पीकर बरोबर अर्धा दाब देतो, आणि दोघांच्या लाटा एकाच वेळीं चढतात व एकाच वेळीं उतरतात. अर्धें आणि अर्धें मिळून एक. सीमेच्या पलीकडे दोघेहि सप्तकामागें २४ डेसिबेल इतक्या वेगानें मागें हटतात, म्हणजे एकमेकांच्या कामांत लुडबूड करीत नाहींत. पुढें टॉमलिन्सन होल्मन यांच्या पुढाकारानें घरांसाठीं जी टी. एच. एक्स. पद्धति ठरली, तिनें ८० कंपनांची सीमा घेतली आणि एक चतुर युक्ति केली. हवाबंद लहान स्पीकर आपल्या प्रकृतीनेंच खालीं सप्तकामागें १२ डेसिबेल या वेगानें ओसरतो. त्याला तेवढ्याच वेगाची विजेची चाळणी जोडली कीं दोन्ही मिळून २४ होतात. स्पीकरचा दोष हाच योजनेचा अर्धा भाग झाला.

यावरून गृहस्थानें करावयाची पहिली गोष्ट स्पष्ट होते. सबवूफर आणून लहान स्पीकरांना पूर्वीसारखेंच सर्व स्वर देत राहणें बरोबर नाहीं. असें केल्यास सीमेजवळचा पट्टा दोघांकडूनहि येतो आणि पुरुषाचा आवाज मडक्यांतून आल्यासारखा होतो. लहान स्पीकरांवरचा खर्जाचा भार उतरविला पाहिजे. तो उतरला कीं त्यांचा मधला स्वरहि निर्मळ होतो. दुसरी गोष्ट वेळेची. ऐकणाराच्या आसनापासून सबवूफर लहान स्पीकरांपेक्षां सुमारे सात फूट अधिक लांब असेल, तर ८० कंपनांवर त्याची लाट अर्ध्या फेऱ्यानें मागें पडते. एकीचा चढ व दुसरीचा उतार एकत्र येऊन स्वरच नाहींसा होतो. हॉलिवुडच्या आठ फुटांचीच ही घरगुती आवृत्ति. याची परीक्षा सोपी आहे. सीमास्वराचा एकच स्थिर नाद लावावा, सबवूफरची जोडणी मुद्दाम उलटी करावी, आणि अंतर किंवा विलंब बदलीत तो नाद जेथें सर्वांत क्षीण होईल तेथें थांबावें. मग जोडणी सुलटी केली कीं तोच नाद सर्वांत भरीव होतो. भांडण जेथें सर्वांत कडाक्याचें, तेथेंच समेट सर्वांत पक्का, असा हा न्याय आहे.

तिसरी गोष्ट खोलीची, आणि येथें डहाणू-तलासरीकडे पुन्हा वळावें लागतें. वारल्यांच्या जुन्या घराच्या भिंती कारवीच्या काठ्यांच्या असतात. वरून माती व शेण यांचा लेप असतो. अशी हलकी, लवचिक भिंत खर्जाच्या लाटेबरोबर किंचित् हलते, तिची कांहीं शक्ति जिरविते आणि उरलेली बाहेर जाऊं देते. शहरांतील सिमेंटच्या भिंती यांतलें कांहीं करीत नाहींत. त्या लाट जशीच्या तशी परत पाठवितात, आणि समोरासमोरच्या भिंतींमध्यें ती उभीच्या उभी अडकून राहते. पांच मीटर लांब व चार मीटर रुंद खोलींत अशा अडकलेल्या लाटांपैकीं पहिल्या दोन सुमारे ३४ व ४३ कंपनांवर असतात. त्या स्वरांवर खोलीच्या मध्यभागीं बसणाराला कांहींच ऐकूं येत नाहीं, आणि भिंतीला टेकून बसणाराला तेंच असह्य होतें. सबवूफर कोपऱ्यांत ठेवला कीं या सर्व लाटा एकदम जाग्या होतात. म्हणून जाणकार एक गमतीचा उपाय करतात. सबवूफर ऐकणाराच्या आसनावर ठेवावयाचा, ओळखीच्या गाण्याचा खर्ज सुरू करावयाचा, आणि स्वतः भिंतींच्या कडेनें रांगत जेथें खर्ज सर्वांत सारखा ऐकूं येईल ती जागा शोधावयाची; मग पेटी तेथें आणि माणूस आसनावर, अशी अदलाबदल करावयाची. ध्वनीची वाट जातांना व येतांना सारखीच असते, म्हणून हा उपाय फळतो. आतां मायक्रोफोन व संगणक हेंच काम मापानें करून देतात, आणि एकाऐवजीं दोन सबवूफर समोरासमोर ठेवल्यास खोलीची ओढाताण पुष्कळ निवते.

शेवटची गोष्ट प्रमाणाची. १९३३ सालीं बेल प्रयोगशाळेंतील हार्वे फ्लेचर व विल्डेन मन्सन यांनीं मोजून दाखविलें कीं, आवाज लहान केला म्हणजे कानाला खर्ज इतर स्वरांपेक्षां फार लौकर अंधुक होतो. तेव्हां भर दुपारीं मोठ्या आवाजावर जमविलेला मेळ रात्रीं हळू ऐकतांना उणा वाटतो. आणि हळू ऐकतांना वाढविलेला खर्ज मोठ्या आवाजांत अंगावर येतो. ज्या जोरानें घरांत रोज ऐकावयाचें, त्याच जोरावर प्रमाण ठरवावें. शिवाय खर्ज भिंत ओलांडतो. शेजारच्या बिऱ्हाडाला गाणें ऐकूं जात नाहीं, नुसते धक्के ऐकूं जातात. म्हणजे गाण्याचा जो भाग दिशा लपवितो, तोच तेवढा त्यांच्या वाट्यास येतो. दिशेवांचून आलेला आवाज माणसाला किती अस्वस्थ करतो, हें भूकंपाच्या हिंवाळ्यांत डहाणू-तलासरीच्या लोकांनीं अनुभविलें आहे.

मेळ जमला कीं नाहीं हें ओळखण्यास दणदणीत गाणें नको. पुरुष गायकाची एखादी विलंबित बैठक लावावी, दिवे मंद करावे आणि सबवूफरकडे पाहूं नये. तंबोरा एकाच जागीं बसलेला ऐकूं येत असेल, डग्ग्याची घसीट वरून खालीं जातांना जागा सोडीत नसेल, आणि गायक खर्जांत उतरला असतां त्याची छाती त्याच्या तोंडाखालींच असेल, तर सांधा बसला. मग कोणीतरी पेटीची कळ हळूच बंद करावी. त्या क्षणीं ऐकणाराला ‘आवाज कमी झाला’ असें वाटूं नये. बैठकींतून तक्क्यालोड उचलून नेल्यासारखें वाटावें. तारप्याभोंवतीं नाचणाऱ्यांना भोपळ्याचा आवाज वेगळा, नळ्यांचा वेगळा असें कधींच ऐकूं येत नाहीं. मेणानें सांधलेलें तें वाद्य एका श्वासावर बोलतें, आणि पाय त्याच्याकडे वळतात. शंभर वर्षांच्या खटपटीनंतर वीज, कागद आणि लांकूड यांना घरांत जेमतेम तेवढेंच साधावयाचें आहे.